धोरण आधी, जाहिरात नंतर

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला वर्षभराचा मार्केटिंगचा आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. प्रदर्शने, वेबिनार, माहितीपत्रके, लिंक्डइनवरील जाहिराती असे सगळे त्यात आहे. परंतु आपला माल नेमका कोणत्या प्रकारच्या कंपन्यांना विकायचा आणि कोणाच्या मागे लागायचे नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. ते आधी ठरले नाही, तर बाकीची धावपळ नुसती खर्चाच्या खाती जमा होईल, म्हणून स्पष्टच लिहिते.

कंपनी ग्राहक असते तेव्हा खरेदी एक माणूस करत नाही. वापरणारा, सल्ला देणारा, निर्णय घेणारा, प्रत्यक्ष ऑर्डर काढणारा आणि माहिती आत सोडणारा वा अडवणारा अशा निरनिराळ्या भूमिका त्यात असतात, हे फ्रेडरिक वेबस्टर आणि योराम विंड या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९७२ सालीच मांडले होते. उत्पादन प्रमुखाला काम थांबायला नको असते, गुणवत्ता विभागाला चाचणीचे दाखले हवे असतात, वित्त विभाग उधारीची मुदत विचारतो आणि खरेदी विभाग आलेली कोटेशने शेजारी शेजारी ठेवून शेवटच्या रकान्यातली रक्कम पाहतो. शेवटचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे आपला प्रतिनिधी बहुधा नसतोच. असते ती आपल्या बाजूच्या एखाद्या अभियंत्याने वरिष्ठांसाठी लिहिलेली पानभर टिप्पणी. ती टिप्पणी त्याला आपल्या माहितीपत्रकातली वाक्ये जशीच्या तशी उचलून लिहिता आली पाहिजे. ‘जागतिक दर्जाचे उत्पादन’ हे शब्द तिथे काहीही कामाचे नाहीत. जुना पुरवठादार बदलण्यातली जोखीम कशी कमी होईल, हे सांगणारी चार ठोस वाक्ये मात्र कामाची आहेत.

इंटेलचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. १९७९ च्या अखेरीस मोटोरोलाची ६८००० ही चिप अनेक अभियंत्यांना इंटेलच्या चिपपेक्षा सरस वाटत होती. इंटेलने ‘ऑपरेशन क्रश’ या मोहिमेत चिपशी चिप तोलत बसण्याऐवजी विकासाची साधने, पूरक चिप, तांत्रिक साहाय्य आणि पुढच्या उत्पादनांचा आराखडा हे सगळे एकत्र मांडले, आणि ते केवळ अभियंत्यांपुढे नव्हे, तर कंपन्यांच्या व्यवस्थापनापुढेही नेले. आयबीएमचा १९८१ चा पर्सनल कॉम्प्युटर इंटेलच्या ८०८८ या चिपवर आला. या निवडीमागे इतरही कारणे होती, हे खरे. पण आपण कोणापुढे काय मांडायचे हे इंटेलच्या माणसांना पक्के ठाऊक होते, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते.

आणखी एक. तुझ्या आराखड्यात यशाचे माप म्हणून दरमहा आलेल्या चौकशांची संख्या धरली आहे, ते मला पटलेले नाही. मोठी यंत्रसामग्री कोणी दरवर्षी बदलत नाही. आज ज्यांना गरज नाही, त्यांना गरज पडेल तेव्हा आपले नाव आधी आठवावे, हेही मार्केटिंगचेच काम आहे. शिवाय कोणती चौकशी खरी मानायची, यावर विक्री विभागाचे आणि तुमचे एकमत नसेल, तर तो आकडा दोघांनाही फसवील.

तेव्हा नवा खर्च मंजूर करून घेण्याआधी विक्री विभागाला सोबत घेऊन बस. हातून गेलेल्या अलीकडच्या ऑर्डरी एकेक करून तपास आणि प्रत्येक ठिकाणी नकार कोणत्या विभागाकडून आला, ते लिहून काढ. ती यादी मलाही पाठव. मग कोणते ग्राहक सोडायचे, यावर आपण सविस्तर बोलू.

तुझी,
आई