आधी वर्गाला सांग

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर, म्हणून निवडून आल्याचं सांगितलंस तेव्हा तुझ्यामागे मैत्रिणींचा इतका गलका होता की मला धड बोलताच आलं नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसले. ६२ जणांच्या वर्गात तुला ३५ मतं पडली, म्हणालीस. फार आनंद झाला. पण रात्रभर माझ्या मनात उरलेले २७ जण घोळत राहिले. त्यांनी तुला मत दिलं नाही, तरी आता त्यांचीही सीआर तूच. मैत्रिणींच्या अडचणी तुला न विचारता कळतात, या २७ जणांच्या कळणार नाहीत. तिथे तुला आपण होऊन जावं लागेल.

शाळेत तू मॉनिटर होतीस, पण हे काम वेगळं आहे. मॉनिटरला बाई नेमतात, तो बाईंच्या वतीने वर्गावर लक्ष ठेवतो आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. सीआरला वर्ग निवडतो. वर्गाचं म्हणणं शिक्षकांपर्यंत, विभागाच्या बैठकीपर्यंत न्यायचं आणि तिथलं उत्तर वर्गात आणायचं, हे तुझं काम.

मीही कॉलेजात वर्गप्रतिनिधी होते, हे तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये २० जण होते आणि चालू स्थितीतले मायक्रोस्कोप ६. हजेरीपटात ज्यांचे नंबर शेवटी, त्यांची पाळी तास संपता संपता यायची. एक मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, ‘मला स्लाइड नीट बघायलाच मिळत नाही गं, आकृती शेजारणीच्या जर्नलमधून काढते. सरांना सांग, पण माझं नाव घेऊ नकोस.’ मी त्याच दुपारी सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कोण म्हणतंय?’ रागावून नव्हे, सहज. आणि मी नाव सांगून टाकलं.

पुढच्या प्रॅक्टिकलला सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘या, तुमची तक्रार आहे ना? तुम्हीच आधी बघा.’ वर्ग हसला. ती उठली, मायक्रोस्कोपला क्षणभर डोळा लावला आणि जागेवर येऊन बसली. तिचं जर्नल माझ्यासमोरच उघडं होतं. पानावर पेन्सिलीने आकृतीची चौकट आखलेली होती, आत काहीच नव्हतं. ती माझ्याशी परत बोलली नाही. त्या वर्षी दुसरं कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं नाही, आणि मी समजत राहिले की वर्गात सगळं सुरळीत चाललंय.

‘कोण म्हणतंय?’ हा प्रश्न तुलाही येईल. तेव्हा शांतपणे म्हण, ‘सर, मी हे वर्गाच्या वतीने मांडते आहे.’ हे म्हणायला बळ हवं असेल तर जाण्याआधी स्वतः खात्री करून घे. मी जर एक दिवस घड्याळ लावून पाहिलं असतं की शेवटच्या पाच जणांना प्रत्येकी किती मिनिटं मिळतात, तर नावाची गरजच पडली नसती. अडचण किती जणांना आहे, कधीपासून आहे आणि काय केलं तर ती सुटेल, एवढं हातात असलं की बोलणं माणसावरून मुद्द्यावर येतं.

सोमवारच्या बैठकीत तीन विषयांची सबमिशन एकाच आठवड्यात आल्याचा मुद्दा मांडायचा आहे, असं तू म्हणालीस. तिन्ही तारखा कागदावर लिहून ने. ‘फार लोड होतोय’ म्हणण्यापेक्षा ‘एक सबमिशन आठवडाभर पुढे नेता येईल का?’ असं विचार. त्याआधी वर्गाला विचारून घे आणि हात मोज. समजा ४० जणांना तारीख पुढे हवी आहे आणि २२ जणांना आहे तीच बरी वाटते, तर दोन्ही आकडे सांग. तुझं स्वतःचं मत २२ जणांच्या बाजूचं असलं तरी ४० जणांचं म्हणणं तितक्याच ताकदीने मांड. मला हे जमायला फार वेळ लागला.

विभागप्रमुखांसमोर बोलायची भीती वाटते म्हणालीस. शिकणाऱ्याने शिकवण्याविषयी बोलण्यात उद्धटपणा नाही, बाळा. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात १३व्या शतकात विद्यार्थी आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, निवडायचे. प्राध्यापक तासाला उशिरा आले किंवा घंटा झाल्यावरही शिकवत राहिले तर त्यांना दंड व्हायचा. १९१८ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी संप करून कारभारात आपले प्रतिनिधी असावेत ही मागणी लावून धरली. तुझी खुर्ची आयती नाही आलेली, तिच्यासाठी लोक भांडले आहेत. आवाज न चढवता, पूर्ण वाक्यात बोल. शिक्षकांचीही काही अडचण असेल, ती नीट ऐकून घे. तीही तुला वर्गात सांगायची आहे.

वर्गाची अडचण आणि एकाची अडचण यातला फरक ओळखायला शीक. एकाचे मार्क चुकले असतील तर फेरतपासणीचा अर्ज त्यानेच करायचा. तू फार तर अर्ज कुठे द्यायचा ते सांग. पण कुणी छळाची गोष्ट सांगितली, किंवा ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणालं, तर ते एकटीच्या पोटात ठेवू नकोस. तिथे गुप्ततेचं वचन देऊच नकोस. त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी समुपदेशकाकडे किंवा विश्वासातल्या शिक्षकांकडे सोबत घेऊन जा. त्या वेळी परीक्षा तोंडावर असली तरीसुद्धा. बाकी झेरॉक्स काढून आणणं, गैरहजर असणाऱ्यांची प्रॉक्सी मारणं ही तुझी कामं नव्हेत, आणि तास कुणी बुडवला हे शिक्षकांना पुरवणं हेही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बैठकीहून आलीस की त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर चार ओळी टाक. काय मांडलं, काय उत्तर मिळालं, पुढे कधी विचारायचं. उत्तर ‘नाही’ असलं तर ‘नाही’ लिही आणि कारणही लिही. ‘बघू’ असं उत्तर मिळालं तर कधी बघणार ती तारीख मागून घे. नकार सांगायला तोंड वर होत नाही, म्हणून पुष्कळ प्रतिनिधी गप्प बसतात. वर्गाला मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ इतकाच कळतो की आपण सांगितलेलं कुठेतरी विरून गेलं. आणि जे ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत, त्यांच्याशी तास सुटल्यावर समोरासमोर बोल. शेवटच्या बाकावर एकटा बसतो म्हणालीस त्या मुलापासून सुरुवात कर.

तब्येतीला जप, जागरणं करू नकोस. सोमवारी बैठकीत काय झालं ते ऐकायची मला फार उत्सुकता आहे, मी फोनची वाट बघेन. पण आधी वर्गाला सांग, मग मला.

तुझी,
आई