उतरत्या विमानाच्या वाटेवरचा वारा मोजा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

उलव्याची टेकडी कापून नवी मुंबईचा विमानतळ झाला. पण पारसिक, कर्नाळा, माथेरान हे डोंगर आजूबाजूला आहेतच आणि समोर खाडी आहे. डोंगरावरून उतरणारा वारा भोवरे घेत येतो. धावपट्टीलगतच्या दहा मीटर खांबावरचं यंत्र फक्त जमिनीजवळचा वारा सांगतं. हवामानाच्या रडारला मुख्यतः पावसाचे थेंब दिसतात. मग लख्ख उन्हात, तीनशे मीटरवर वारा फिरला तर वैमानिकाला आधी कोण सांगणार?

हे काम डॉप्लर लायडर करतं. जमिनीवरून ते डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसरचे स्पंद सोडतं. हवेतली धूळ, धूर, समुद्राचं मीठ यांवर आपटून थोडा प्रकाश परत येतो. कण वाऱ्याबरोबर वाहत असतात, त्यामुळे त्या प्रकाशाची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, किंचित बदलते. सेकंदाला दहा मीटर वारा असेल, तर २०० लाख कोटी कंपनांत जेमतेम १.३ कोटींचा फरक, आणि तेवढा हे यंत्र पकडतं! ढगाचा तळ तर परतीच्या वेळेवरूनच कळतो: ३०० मीटरवरच्या ढगाकडून प्रकाश दोन मायक्रोसेकंदांत परततो.

हाँगकाँगचा विमानतळही असाच, समुद्र आणि लांटाऊ बेटाचे डोंगर यांच्यामध्ये आहे. तिथल्या वेधशाळेने २००२ मध्येच लायडर बसवलं. उतरणीच्या वाटेवर किरण फिरवून समोरच्या वाऱ्यात १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटरचा) फरक दिसला, की इशारा जातो. दाट धुक्यात, मुसळधार पावसात लायडर आंधळं होतं, म्हणून सोबत रडारही ठेवलंय. आपल्याकडे कोकणातला पाऊस पाहता दोन्ही हवीतच.

सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने हवामानाची निरीक्षणं आणि अंदाज सुधारण्याच्या ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी मंजूर केले. हवामान खातं पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आणि विमानतळांचं नियमन आपल्याकडे. या दोन दारांमध्ये फाईल अडकू देऊ नका. आपल्याच पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना सोबत घ्या.

माझी मागणी एवढीच: नवी मुंबईत उतरणीच्या वाटेवरचा वारा आणि ढगाचा तळ आज कशाने मोजला जातो, हे जाहीर करा. त्यात लायडर नसेल तर ते बसवण्याची तारीख सांगा. आणि त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवा; पनवेल-उरणच्या पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांनाही त्या लागणार आहेत.

आपला विश्वासू,
एक नवी मुंबईकर