आम्हाला घरी न जाऊ देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे तोंडानं सांगायचं होतं. पण दर तपासणीला हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात तुमच्या टेबलापुढं रांग असते आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर कुणाचं तरी तापलेलं लेकरू. तिथं 'आभारी आहे' म्हणायलासुद्धा लाज वाटते. म्हणून लिहितोय. नाव घालत नाही, तुम्ही रागवाल.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला निघालो तेव्हा पोरगं पाच वर्षांचं होतं. तीन आठवडे ताप, मांड्यांवर निळे डाग, आणि टायफॉइड समजून लावलेली सलाइनं. ज्यांनी तो टायफॉइड ठरवला त्यांच्यावर आता राग धरून काय करू? शेवटी एका लॅबवाल्यानं रिपोर्ट देण्याआधी मला बाहेर नेऊन चहा पाजला, तेव्हाच पोटात गोळा आला. रक्ताचा कॅन्सर. 'परळला टाटात न्या,' एवढंच तो म्हणाला.

टाटात फाइल निघाली, पण रात्र फुटपाथवर काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिलं विचारलं ते हेच, रात्री कुठं झोपलात? मी 'नातेवाइकांकडं' म्हणालो. तुम्ही पोराच्या पायावरचे डास चावल्याचे फोड बघितले, काही बोलला नाहीत आणि फोन उचलला. संध्याकाळी आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो.

मग कागद सुरू झाले. केशरी रेशनकार्ड होतं, पण त्यावर पोराचं नावच नव्हतं. सरकारच्या मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशी तुम्हीच बोललात, काय काय लागेल ते वहीत लिहून दिलंत, आणि गावाकडं भावानं तहसीलला खेटे घालून नाव चढवून आणलं. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म कुठं मिळतो, त्यावर सही-शिक्का कुणाचा, हेही तुमच्याकडूनच कळलं. स्लीपरला पेशंटला तिकीट माफ आणि सोबतच्याला पाऊणपट सूट असते, हे आमच्या स्टेशनवर मला कुणी सांगितलं नसतं. (हॉस्पिटल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टनं सुरू केलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडं आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी खरंच दचकलो होतो. पोराला तिथं नेमकं काय देणार, असं वाटलं!)

पण हे पत्र त्या जूनसाठी आहे.

उपचाराचा पहिला महिना संपला. बोन मॅरोचा रिपोर्ट चांगला आला. पोरगं धर्मशाळेच्या जिन्यात पळायला लागलं. इकडं पैसे संपलेले, तिकडं सोयाबीनच्या पेरणीची वेळ. बायको म्हणाली, बरा झालाय की. मलाही तेच ऐकायचं होतं. मी तिकिटं काढली आणि तुमची नजर चुकवून निघायचं ठरवलं.

तारखेला आलो नाही म्हणून दुपारी तुमचा फोन आला. रागावला नाहीत. म्हणालात, 'भाऊ, तण वरून कापलं तर रान स्वच्छ दिसतं ना? मुळी खाली असते. आता गेलात तर हा आजार परत येईल, आणि परत आला की आत्तासारखा ऐकणार नाही.' मग विचारलंत, 'पेरणीला किती लागतील?' माझ्या घशातून शब्द निघेना. पेरणीचे पैसे तुम्ही दिले नाहीत, ते तुमचं कामही नव्हतं. पण औषधांचा योजनेबाहेरचा खर्च एका ट्रस्टकडून मंजूर करून घेतलात, तेव्हा हातातले उरलेसुरले पैसे भावाला पाठवता आले.

जुलैत कॉटन ग्रीनला सेंट ज्यूडमध्ये खोली मिळाली. पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारती, तिथं लहान पेशंटांची कुटुंबं फुकट राहतात. बायकोला स्वतःची शेगडी मिळाली. काउंट पडलेले, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असताना बाहेरचं खाणं चालत नाही, ताजं शिजवलेलंच लागतं, त्यामुळं ती शेगडी आमच्यासाठी औषधाइतकीच होती. लाल रंगाच्या औषधाच्या पहिल्या केमोनंतर लघवी लाल झाली, तेव्हा रात्री साडेअकराला तुम्हाला उठवलं होतं. 'रंग औषधाचा आहे, झोपा,' म्हणालात. प्लेटलेट लागल्या त्या गणपतीच्या दिवसांत लालबागचे चार पोरगे मंडपातून थेट रक्तपेढीत आले, कपाळावर गुलाल तसाच.

मला एक कळलंय. योजना आहेत, ट्रस्ट आहेत, सरकारी जागा आहेत, रक्त देणारे आहेत. पण त्यातल्या प्रत्येकाला वाटतं, आधीचा कागद हा माणूस घेऊनच येईल. ट्रस्ट योजनेचं पत्र मागतो, रेल्वे हॉस्पिटलचा शिक्का मागते, आणि ज्याचं लेकरू तापानं फणफणतंय त्याला पहिली खिडकीच सापडत नाही. मोठ्या सभांमध्ये या सगळ्याला भागीदारी म्हणतात म्हणे. मी ती बघितली ती मान तिरकी करून कानाशी दाबलेल्या तुमच्या फोनमध्ये. तुमच्यासारखी माणसं जिल्ह्याच्या दवाखान्यातही पगारावर नेमली पाहिजेत. हे मी आता जिथं तिथं बोलतो, लोक मान हलवतात आणि विषय बदलतात.

तुम्ही दिलेली वही अजून आहे. शेवटच्या पानावरचे चार फोन नंबर आमच्या शेजारच्या गावातल्या एकानं परवा उतरवून नेले. त्याच्या बहिणीच्या गाठीचं निदान नुकतंच झालंय. तो सोमवारी येईल. बोलायला लाजतो, तुम्हीच विचारा रात्री कुठं झोपला ते.

पोराच्या गोळ्या मार्चमध्ये बंद झाल्या. दुसरीत आहे, गणितात कच्चा. पुढच्या तपासणीला येताना ज्वारीचं पीठ आणतो. मागच्या वेळी 'आम्हाला काही घेता येत नाही' म्हणून परत केलंत. या वेळी भाकरीच करून आणतो, उभ्या उभ्या खा.

तुमचा,
परभणीकडचा भाऊ