उगवत्या व्यावसायिक कुस्तीगिरांना गुण देताना…

प्रति,
मा. संपादक

विषय : व्यावसायिक कुस्तीतील नव्या खेळाडूंचे मूल्यमापन

महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत प्रसिद्ध झालेली व्यावसायिक कुस्तीतील उगवत्या खेळाडूंची यादी आणि त्यांना दिलेले गुण वाचले. ज्या प्रकाराला आपल्याकडे घरोघरी प्रेक्षक आहे, पण छापील पानावर जागा नाही, त्याबद्दल मराठीत गांभीर्याने लिहिले गेले याचे समाधान वाटले. गुण देण्याची पद्धत मात्र मुळातच चुकली आहे, असे माझे मत आहे. जिंकलेल्या लढती, मिळवलेले बेल्ट (म्हणजे अजिंक्यपदाचे पट्टे), उंची आणि वजन असे चार रकाने पाहून नव्वदच्या दशकात नाशिकच्या गल्लीबोळांत मुले ज्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (व्यावसायिक कुस्तीचे कार्यक्रम करणारी ही अमेरिकी कंपनी, आजची डब्ल्यूडब्ल्यूई) पत्त्यांनी खेळत असत, ते आठवले. त्या पत्त्यांवरही उंची, छाती, वजन आणि जिंकलेल्या लढती यांचे आकडे असत आणि ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचा पत्ता घेऊन जाई. मुलांच्या खेळाला तेवढे पुरे होते. एखाद्या तरुण खेळाडूची पुढची कुवत ओळखायला ते पुरत नाही.

या कुस्तीत कोण जिंकणार हे लढतीपूर्वीच ठरलेले असते, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफने १९८९ मध्येच अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे हा स्पर्धेचा नव्हे, करमणुकीचा प्रकार असल्याचे मान्य केले होते. त्यामागे प्रामाणिकपणापेक्षा राज्याच्या क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटण्याचा व्यवहार अधिक होता, हा भाग वेगळा. तरीही ‘सगळे खोटे आहे’ असे म्हणून चॅनेल बदलणारे आणि निकाल खरा धरून गुण देणारे, हे दोघेही एकाच ठिकाणी अडखळतात, कारण दोघांचीही नजर निकालावरच खिळलेली असते.

मातीतल्या आणि मॅटवरच्या कुस्तीत निकालाकडे पाहणे योग्यच आहे. नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर यांनी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला लातूरच्या शैलेश शेळके यांच्यावर ३-२ अशी मात करून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. दोघेही काका पवार यांचे शिष्य, त्यामुळे एकमेकांचे डाव एकमेकांना ठाऊक; अशा जोडीत पडलेला तो एका गुणाचा फरक कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता आणि म्हणूनच त्याला किंमत आहे. व्यावसायिक कुस्तीत विजय हा खेळाडूने मिळवलेला नसतो, तर कंपनीने त्याला दिलेला असतो. कालिदास कलामंदिरातून नाटक पाहून बाहेर पडताना, खलनायक शेवटच्या अंकात हरला म्हणून ती भूमिका करणारा नट कच्चा, असे आपण म्हणत नाही. आपल्या यादीत मात्र नेमके तेच झाले आहे.

जॉन सीना याचेच पाहा. जून २००२ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्मॅकडाउन या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पहिल्यांदा आला तो कर्ट अँगल याच्यासमोर, आणि ती लढत हरला. अँगल हा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. त्याच्यापुढे हा नवखा मुलगा मागे हटत नाही, एवढेच प्रेक्षकांच्या मनावर ठसवायचे होते आणि ते पराभवातूनच अधिक चांगले ठसले. आपल्या रकान्यात त्या दिवशी सीनाला शून्य गुण मिळाले असते. उलट भारतीय वंशाच्या जिंदर महाल याने मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य बेल्ट मिळवला आणि नोव्हेंबरपर्यंत तो त्याच्याकडे राहिला. त्याआधी कित्येक महिने तो बहुतेक लढती हरत होता. मधल्या काळात त्याच्या कौशल्यात आमूलाग्र बदल झाला असे मानण्यापेक्षा, कंपनीला भारतातील बाजारपेठ खुणावत होती असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

विजयांच्या आकड्याने किती फसगत होते, याचे सर्वांत कडू उदाहरण गोल्डबर्गचे आहे. डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीने १९९७-९८ मध्ये त्याला सलग विजय देत देत तो आकडा १७३ वर नेल्याचे जाहीर केले. तो आकडाही फुगवलेलाच होता. ताकद, वेग आणि दरारा यांत तो कमी नव्हता. परंतु डिसेंबर १९९९ मध्ये स्टारकेड या कार्यक्रमात त्याची एक लाथ ब्रेट हार्टच्या डोक्यावर बसली, हार्टच्या मेंदूला इजा झाली आणि त्या काळच्या सर्वांत कसलेल्या कुस्तीगिरांपैकी एकाला पुढच्या वर्षी निवृत्ती घ्यावी लागली. ज्याच्या हाती समोरच्याचे डोके आणि मान सोपवलेली असते, त्याने ती सांभाळली की नाही, ही या व्यवसायातील पहिली परीक्षा आहे आणि आपल्या यादीत तिच्यासाठी रकानाच नाही.

नव्या खेळाडूचे मूल्यमापन करायचे तर, माझ्या मते, तो उचलतो कसा यापेक्षा पडतो कसा हे आधी पाहावे. रिंगच्या कॅनव्हासखाली फोमचा पातळ थर, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली लोखंडी सांगाडा असतो. पडणे ठरवून असले तरी फळ्या खऱ्याच असतात. पाठीवर पडताना हनुवटी छातीशी घ्यायची, श्वास सोडायचा आणि दोन्ही हात एकाच वेळी जमिनीवर आपटून धक्का पसरवायचा, हे शिकायला फार काळ जातो आणि कच्च्या खेळाडूचे डोके तेथे हमखास मागे हिंदकळते. त्यानंतर पाहावे ते मार खाण्याचे कसब. पाचव्या मिनिटाला गुडघा दुखावल्याचे दाखवणारा खेळाडू दहाव्या मिनिटाला त्याच पायावर उड्या मारत दोरावर चढला, तर टाळ्या मिळतील, पण आधीची सगळी मेहनत वाया जाते. ज्याला हे भान आहे, तो हरूनही समोरच्याला मोठा करतो. आणि असा माणूस प्रत्येक कंपनीला हवा असतो, भले त्याच्या खात्यावर विजय फारसे नसोत. माइक हातात घेऊन बोलण्याबद्दल वेगळे सांगायला नको, ते सर्वांनाच दिसते.

जपानमधील न्यू जपान प्रो-रेसलिंगची पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथील नवशिके, ज्यांना ‘यंग लायन’ म्हणतात, साधी काळी चड्डी आणि काळे बूट घालून उतरतात. ना झगमगीत पोशाख, ना गाजावाजा करणारी एन्ट्री, डावही मोजकेच. बहुतेक वेळा ते हरतात. दाखवायला काहीच नसल्यामुळे पाया पक्का आहे की नाही हे आपोआप उघडे पडते. आपल्या तालमीतही पोराने आधी जोर-बैठका काढायच्या, माती उकरायची आणि मग वस्तादाने डाव सांगायचा, ही रीत आहे. त्यामुळे नाशिककर वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये.

शिकाऊ काळ संपला की या मुलांना परदेशी पाठवतात. काझुचिका ओकादा असाच २०१० मध्ये अमेरिकेत टीएनए या कंपनीकडे गेला. त्यांनी या उमद्या तरुणाला सामोआ जो या कुस्तीगिराचा मुखवटाधारी साथीदार करून ठेवले आणि महत्त्वाच्या लढती जवळजवळ दिल्याच नाहीत. अमेरिकेतील त्याची त्या काळातील कामगिरी आपल्या चार रकान्यांत मांडली, तर तो यादीच्या तळाशीही आला नसता. तोच ओकादा जानेवारी २०१२ मध्ये जपानला परतला आणि फेब्रुवारीत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हिरोशी तानाहाशीला हरवून न्यू जपानचा सर्वोच्च बेल्ट घेऊन बसला. बेल्ट देणे कंपनीच्या हातात होते हे मान्य; पण त्यानंतर वर्षानुवर्षे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लढतींत प्रेक्षकांना जागेवर खिळवून ठेवणे हे कोणी लिहून देऊ शकत नाही.

आता उंचीविषयी. भारतीय खेळाडू शोधताना ही मोजपट्टी फार मारक ठरली आहे. द ग्रेट खली २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, तेव्हापासून भारतातून निवडायचा तो धिप्पाडच, असा एक समज रूढ झालेला दिसतो. उंच माणूस एन्ट्रीला प्रभावी दिसतो, पण पंधरा मिनिटांच्या लढतीत गुडघे आणि दम टिकतातच असे नाही. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट या हलक्या वजनाच्या गटात. ज्या महाराष्ट्राला हे ठाऊक आहे, त्याने तरी कुस्तीगिराकडे पाहताना आधी फूटपट्टी काढू नये. डब्ल्यूडब्ल्यूईमध्येही डॅनियल ब्रायन हा त्या मानाने लहानखुरा खेळाडू एप्रिल २०१४ मध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या अखेरच्या लढतीत जिंकला, तो मुख्यतः प्रेक्षकांनी कंपनीला दुसरा पर्याय ठेवला नाही म्हणून.

खऱ्या कुस्तीतील पदकांना यादीत दिलेल्या जादा गुणांबद्दलही थोडा आक्षेप आहे. अँगलला ही कला विलक्षण वेगाने साधली, पण तो अपवाद ठरावा. टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता गेबल स्टीव्हसन याला डब्ल्यूडब्ल्यूईने २०२१ मध्ये मोठ्या अपेक्षेने करारबद्ध केले आणि २०२४ मध्ये मोकळे केले. ज्याने आयुष्यभर समोरच्याला डाव लागू द्यायचा नाही हेच शिकले, त्याला तो लागू देऊन सुंदर दिसेल असे पडायला सांगणे सोपे नसते.

आपल्या पुरवणीने हे सदर बंद करू नये. उलट नियमित चालवावे. माझी विनंती एवढीच, की गुण देणाऱ्याने प्रत्येक खेळाडूची एक तरी हरलेली लढत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी, तिच्यातील त्याच्या कामावर चार ओळी लिहाव्यात आणि विजय, बेल्ट व उंची यांचे रकाने हवे तर माहितीसाठी ठेवावेत, पण त्यांचे गुण एकूण बेरजेत धरू नयेत.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिकरोड