घर मिळालं, आता वस्तूंचं सांगते

राजारामपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मालकाशी पहिल्याच महिन्यात वाद नको. दोन-चार हजारांचं काम असेल तर मी पाठवतो, आपलं आपण करून घे." तेव्हा मी ऑफिसात होते आणि अशा गोष्टी फोनवर घाईत सांगून होत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, पैसे पाठवू नका. वाद झालेला नाही. पण भाड्याच्या घरातल्या वस्तूंच्या मी एवढी मागे का लागले, हे तुम्हा दोघांना कळायला हवं. दिवाळीनंतर तुम्ही इथं राहायला येणार आहात आणि यातलं निम्मं तुमच्यासाठीच केलं आहे.

या घराच्या भाड्यात गिझर, फ्रीज, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातली चिमणी आणि पंखे धरलेले आहेत. याच गल्लीत एवढाच रिकामा फ्लॅट मी आधी बघितला होता, त्याचं भाडं कमी होतं. म्हणजे या वस्तूंचे पैसे मी दर महिन्याला मोजणार. मग त्या चालू मिळाव्यात, असं म्हणणं हे भांडण कसं होईल? बाबा, तुम्ही डेपोत होता तेव्हा गाडी वर्कशॉपला आली की काय बिघाड आहे हे ड्रायव्हरकडून लिहून घेतल्याशिवाय सही करत नव्हता. नाहीतर उद्या सगळं आपल्याच नावावर येतं, असं तुम्हीच सांगायचात. मी तेच केलं. चावी मिळाली त्या दिवशी सामान आणलंच नाही. आधी एकेक वस्तू लावून बघितली, प्रत्येकीचा व्हिडिओ काढला, महावितरणच्या मीटरचं रीडिंग फोटोत घेतलं आणि मागची थकबाकी नाही ना हे बिलावर बघून घेतलं.

मशीन आणि चिमणीचं फारसं काही नव्हतं. मशीनमध्ये पाणी हळू भरत होतं. पाइप जिथं जोडतात तिथली जाळी गाळानं भरलेली होती, जुन्या टूथब्रशनं घासली आणि काम झालं. चिमणीच्या जाळ्या तेलानं चिकटल्या होत्या, गरम पाणी आणि सोड्यात बुडवून धुतल्या. ही कामं राहणाऱ्याची, त्यासाठी मालकाला हाक मारायची नसते. नळाचा वायसर, बल्ब, फिल्टर हेही माझंच.

फ्रीजचं मात्र वेगळं होतं. ओल्या हातानं दाराला हात लावला की बोटांत झिणझिण्या यायच्या. अनवाणी असले की जास्तच. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून वायरमन बोलावला. त्यानं फ्रीजच्या पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टरमधला दिवा लागला. मग पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब काढला, त्याला दोन लांब वायरी होत्या. एक वायर फ्रीजच्या सॉकेटच्या फेजमध्ये, म्हणजे करंट येतो त्या भोकात, आणि दुसरी न्यूट्रलमध्ये, म्हणजे तो परत जातो त्या भोकात घातली, बल्ब लागला. दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली आणि बल्ब विझला. त्यानं प्लेट उघडून मला दाखवलं. "ताई, हितं वायरच न्हाई की. नुसतं भोक हाय." वरच्या पिनेला जोडायची हिरवी वायर त्या सॉकेटपर्यंत आलेलीच नव्हती. मीटरपाशी अर्थिंग, म्हणजे जमिनीत जाणारी ती वायर, होतं, स्वयंपाकघरात नव्हतं.

आई, तू म्हणशील एवढं काय त्यात, आपल्याकडेही कधीकधी झिणझिण्या येतात. येत असतील तर तिथंही दाखवून घ्या. वस्तूच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट हवी, ती वाट म्हणजे ती हिरवी वायर. ती नसली की करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. एमसीबी, म्हणजे बोर्डातलं आपोआप पडणारं बटण, आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. तो शॉर्ट झालं किंवा फार लोड आला तर पडतो, माणसाला बसलेला शॉक त्याला कळत नाही. ते काम आरसीसीबी नावाच्या दुसऱ्या बटणाचं. घरात लावतात तो 30 मिलिअँपिअरचा असतो, तेवढा करंट भलतीकडे गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. तुमच्या घरी तो नाही हे मला माहीत आहे. आता मी आले की पहिल्यांदा तो बसवणार, आणि त्यावर मला चर्चा नको आहे.

पण अर्थिंग नसलं तरी मुळात पत्र्यात करंट का उतरतोय, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी फ्रीजवाला मिस्त्री आला. त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला, मागच्या बाजूचं खालचं झाकण काढलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. कॉम्प्रेसरच्या खालच्या पत्र्यावर राखाडी, पिठासारखा बारीक गाळ वाळून बसला होता. स्क्रूच्या भोकांतसुद्धा गाळ होता. कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर हिरवट गंज चढलेला. त्यानं बोटावर गाळ घेऊन चोळला आणि म्हणाला, "पुराचं हाय हे." कोल्हापुरात त्यावर दुसरं काही विचारावं लागत नाही. मी घरमालक काकांना वर बोलावून दाखवलं. त्यांनी लपवलं नाही. हा फ्रीज त्यांच्या नातेवाइकांच्या शाहूपुरीतल्या तळमजल्यावरचा, 2021च्या पुरात पाण्यात होता. वाळवून लावला, चालू झाला, म्हणून इथं आणून ठेवला.

चालू झाला म्हणजे चांगला झाला असं नाही. पुराचं पाणी मोटारीच्या जोडण्यांत जातं, दोन पत्र्यांच्या मधल्या फोममध्ये जातं, आणि तिथून लवकर वाळत नाही. गंज आतून खात राहतो. शिवाय तो थंडही नीट करत नव्हता. मी मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून बघितलं, 12च्या खाली आकडा गेला नाही, आणि वरती फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर. बाबा, तुमचं न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. जास्त उष्णतेनं त्याची ताकद जाते आणि एकदा गोठलं की वितळल्यावरही ते वापरायचं नसतं. बाटलीकडे बघून यातलं काही कळेलच असं नाही. साखर का वाढली म्हणून आपण डॉक्टरांकडे चकरा मारणार, आणि दोष फ्रीजचा.

काका म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर मी तो आमच्या कामवाल्या मावशींना देतो, त्यांच्याकडे नाहीये." इथं मात्र मी ठाम राहिले. मी म्हणाले, काका, जो माझ्या हाताला शॉक देतो तो त्यांच्या पोरांच्याही हाताला देईल, त्यांच्या घरात अर्थिंग असेलच याची खात्री कोणी द्यायची? भंगारात द्या. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "हो, तेही खरंच." दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन घेऊन गेला. फ्रीज मी माझा नवा घेतला, तो माझ्या नावावर, घर बदललं की माझ्याबरोबर येईल. त्या बदल्यात काकांनी भाडं थोडं कमी केलं. स्वयंपाकघरातलं अर्थिंग आणि आरसीसीबी त्यांच्या खर्चानं झालं.

आता गिझर. आई, हे तुझ्यासाठी आहे, नीट वाच. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता, तोही आत, आणि खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थंडी येते म्हणून कोणीतरी कायमच्या चिकटवून टाकलेल्या. चालू केला तर ज्योत निळी येण्याऐवजी पिवळी येत होती. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. लोक म्हणतात, गॅस लीक झाला तर वास येईलच. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो म्हणून तो येतो. कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग, डोळे चुरचुरत नाहीत. रक्त तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग हातापायातलं त्राण जातं. दाराची कडी काढायचंही भान राहत नाही. बंद बाथरूममध्ये असे जीव गेलेले आहेत.

तू गुडघ्यांमुळे स्टुलावर बसून सावकाश आंघोळ करतेस, आतून कडी लावतेस. तुला मी त्या खोलीत पाठवू शकत नाही, हे मी काकांना असंच सांगितलं. आपल्या घरी तांब्याचा बंब आहे, पण तो परसात, उघड्यावर. धूर निघून जातो, आणि धूर दिसतो तरी. तू म्हणाली होतीस बंब देऊन टाकते, तो इथं गॅलरीतसुद्धा लावायचा नाही. पाण्यात घालायचा हिटर रॉडही नको, ती वस्तू मला या घरात नकोच आहे.

काकांचं म्हणणं, आधीच्या भाडेकरूंनी कधी तक्रार केली नाही. मी म्हटलं, त्यांचं नशीब चांगलं होतं. त्यांनी एक दिवस विचार केला, आणि गॅसचा गिझर काढून 15 लिटरचा विजेचा बसवून दिला. तो 2000 वॉटचा आहे, जवळपास 9 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचं मोठं सॉकेट आणि बोर्डापासून वेगळी जाड वायर घेतली. गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळतात, ते गळू देत. पाणी तापलं की फुगतं, त्याची ती वाट आहे. चिंधी बांधून बंद करायची नाही. आणि पाणी तापलं की आधी बटण बंद, मग आंघोळ.

कागदाचं शेवटी राहिलं. बाबा म्हणाले होते, माणूस चांगला आहे तर नोंदणीचा खर्च कशाला. माणूस चांगला आहे म्हणूनच कागद असावा, उद्या त्यांचा मुलगा व्यवहार बघायला लागला तर त्याला काय ठरलं होतं हे कळेल. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55व्या कलमानं करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणीत त्यांचंही संरक्षण आहे. हे ऐकल्यावर काका लगेच तयार झाले. एजंट लॅपटॉप घेऊन घरीच आला, आम्ही अंगठे दिले. करारामागे वस्तूंची यादी जोडली: कोणती वस्तू, कोणत्या कंपनीची, चालू आहे की नाही. वायरिंग, गिझरचा एलिमेंट, मशीनची मोटार बिघडली तर मालकानं करायचं, किरकोळ मी. माझ्या हातून काही फुटलं तर तेही मी.

काकू रोज विचारतात, आई-बाबा कधी येणार. त्यांनी आईसाठी बाथरूममध्ये धरायला भिंतीला स्टीलचा दांडा बसवायची परवानगी दिली आहे, या रविवारी लावून घेते.

बाबा, येताना इन्सुलिन थर्मासमध्ये आणा, पण बर्फाला चिकटवून नको, मध्ये जाड कापड घाला, आणि पिशवी एस.टी.च्या डिकीत न ठेवता मांडीवर ठेवा. घरातल्या सॉकेटचं जे वर लिहिलं आहे ते गडहिंग्लजच्या वायरमनकडून तोवर तपासून घ्या, त्याला बल्ब लावून दाखव म्हणावं. निघायची तारीख कळवा, मी स्टँडवर घ्यायला येते.

तुमची,
धाकटी