बिलावर नाव नसलेल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

हॉस्पिटलच्या बिलात 'फ्रोझन सेक्शन' (ऑपरेशन चालू असतानाच काढलेला तुकडा तपासणं) अशी एक ओळ आहे आणि पुढे रक्कम. तुमची आमच्याकडे एवढीच लेखी नोंद. सर्जनचे आभार सगळ्यांनी मानले, तुमचे राहून गेले. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

बाबांचे शब्द चुकायला लागले तेव्हा आमच्या गावच्या डॉक्टरांनी 'वय झालं आता' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. शहरातल्या दुसऱ्यांनी मेंदूचा स्कॅन बघून, 'सूज आहे' म्हणत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड लिहिलं. आईने विचारलं, "पण झालंय काय?" तर उत्तर, "सांगून तुम्हाला कळणार आहे का?" दोघांच्याही पाटीवर डिग्र्या मावत नाहीत. असो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही वॉर्डात आलात. लॅबमधला डॉक्टर खाटेपाशी येतो, हे आम्ही तरी कधी पाहिलं नव्हतं. "काका, आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या?" बाबांना सांगता येईना, तेव्हा आईने औषधांची पिशवीच पुढे केली. तुम्ही ती खाटेवर ओतलीत आणि अर्धवट फाटलेली एकेक स्ट्रिप ट्यूबलाइटखाली धरून वाचलीत. घाई नाही, वैताग नाही. मग एक स्ट्रिप बाजूला काढून विचारलंत, "काकू, ह्यांनी बरं वाटलं होतं का हो?"

"तर! चार दिवसांत पेपर वाचायला लागले होते."

तिथूनच तुम्ही सर्जनना फोन लावलात. गोळ्या बंद झाल्या, ऑपरेशन पुढे गेलं. आई कुरकुरली, तेव्हा तिलाही समजावलंत: लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असला तर स्टेरॉइडने त्याच्या पेशी मरतात, गाठ लपते आणि काढलेल्या तुकड्यात काही सापडतच नाही.

पुढे ऑपरेशन चालू असतानाच, वीसेक मिनिटांत तुमचा निरोप आत गेला. लिम्फोमाच दिसतोय. सर्जन तिथेच थांबले. हा आजार कापून काढायचा नसतो, मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देऊन हटवायचा असतो. बोलण्याच्या केंद्राशेजारी सुरी आणखी आत गेली असती, तर बाबांचे उरलेसुरले शब्दही गेले असते.

नंतर वाचनात आलं, मेंदूचा ताजा कणभर तुकडा काचेवर पसरून तिथल्या तिथे निदान करायची पद्धत डॉ. लुईज आयझेनहार्ट आणि मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी १९३० साली मांडली. बाई आधी कुशिंगकडे सेक्रेटरी होत्या, मग शिकून डॉक्टर झाल्या. कुशिंग जगाला माहीत. बाई कुणाला?

कुणी सांगितलेलं नसताना एक काम जास्त करणारी माणसं एसटी डेपोत असतात, तलाठ्याच्या कचेरीतही असतात. ती आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

बाबांची केमो चालू आहे. शब्द अजून अडतात, पण कोड्याचं पान त्यांना रोज लागतं. पुढच्या एमआरआयला आलो की लॅबचा मजला शोधत वर येऊ. आत सोडलं नाही तर दोन मिनिटं बाहेर या. बाबांना तुमच्याशी स्वतः बोलायचंय.

आपली,
काकांची मुलगी