भरतीच्या वेळेला राखण हवी : दापोली किनाऱ्यावरच्या पक्षीमित्रांचे आवाहन

ग्रामस्थ, होडीवाले, पर्यटकांची सोय करणारे बंधू-भगिनी, शाळांतले शिक्षक आणि मुंबई-पुण्याचे आमचे चाकरमानी, सर्वांस सप्रेम नमस्कार.

गणपती आटोपले, गावातली निम्मी घरे पुन्हा कुलपात गेली आणि किनाऱ्यावर दरवर्षीचे पाहुणे पक्षी उतरायला लागले. केळशी आणि आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी चिखल्या दिसू लागले आहेत. थंडी पडता पडता हर्णै बंदरावर कुरवांची (सीगलची) गर्दी होईल. शिमगा संपला, पालख्या देवळात परतल्या, की ही मंडळी हळूहळू उत्तरेकडे निघतील. मधल्या सहा-सात महिन्यांसाठी आम्हाला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत : भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहणारी माणसे आणि थोडा पैसा. कशासाठी, ते सविस्तर सांगतो.

आपल्या वाळूवर तुरुतुरु धावून मध्येच थबकणारा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट रंगाचा छोटा चिखल्या सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो अंडी घालतो लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवर. तपकिरी डोक्याचा कुरवही तिकडचाच, तिथल्या तळ्यांवर त्याची वीण होते. लाटेच्या फेसामागे पळत जाणारा आणि लाट वळली की उलट धावत येणारा पांढुरका सँडरलिंग तर उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येतो. त्याचा पाय कधी जवळून पाहायला मिळाला तर नीट पाहा, मागचे बोटच नाही. एवढासा पक्षी हजारो किलोमीटर येतो आणि तितकेच अंतर परत जातो. या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगातली चरबी. ऑक्टोबर 2022 मध्ये उपग्रहाचे यंत्र लावलेला गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर उडाला. 11 दिवस, मध्ये कुठेही न उतरता. तो अवघा पाच महिन्यांचा होता. या जातीचे पक्षी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही हिवाळ्याला येतात.

ही चरबी साठते ती आपल्या चिखलात आणि वाळूत. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की त्यातले किडे, बारीक खेकडे, शिंपल्यातले जीव हे पक्षी वेचून खातात. रात्रीची ओहोटी असेल तर रात्रीही खातात. भरती आली की खाणे पाण्याखाली जाते. मग सगळे थवे किनाऱ्यावरच्या उरल्यासुरल्या कोरड्या पट्टीवर गोळा होतात आणि विसावा घेतात. दुर्बिणीतून पाहिले तर सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, बरेच जण एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, पण एक डोळा अर्धवट उघडा. पुढच्या ओहोटीपर्यंत त्यांना एवढीच उसंत असते. त्यात थवा उडवला की खाल्लेले उडण्यात जाते. एकदा उडवला तर फारसे बिघडत नाही, पण दर भरतीला चार-पाच वेळा उडवला तर परतीच्या प्रवासाला लागणारी शिदोरी जमणार कशी? मार्च-एप्रिलमध्ये, छातीवर तांबूस रंग चढू लागतो तेव्हा, हा प्रश्न सर्वात गंभीर होतो. त्याच सुमारास परीक्षा संपतात आणि पर्यटकांच्या गाड्या वाढतात.

भरतीची वेळ काढायचा हिशेब आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण ढोबळ हिशेब चुकत नाही. आता जोडून पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे पाणी सर्वात वर चढते आणि कोरडी वाळू सर्वात कमी उरते. आणि ती वेळ येते सकाळी अकरा-साडेअकराला, नाश्ता करून पर्यटक किनाऱ्यावर उतरतात त्याच सुमारास. शनिवार-रविवार जोडून आला की एवढ्याशा पट्टीवर माणसे, गाड्या, कुत्री आणि पक्षी एकदमच येतात.

गेल्या हंगामात अशाच एका रविवारी आमच्यातल्या दोघांनी जे पाहिले ते लिहायलाच हवे. खाडीच्या तोंडाशी थवा बसला होता. एक जीप वाळूवरून सरळ त्यात घातली गेली, पक्षी उडाले. गाडी थांबली, थवा पुन्हा उतरला, गाडी पुन्हा वळली. आतली मंडळी व्हिडिओ काढत होती. जवळ जाऊन समजावल्यावर ती माणसे वरमली आणि निघून गेली, पक्षी दुरून आलेत हे त्यांना ठाऊकच नव्हते. म्हणून आम्हाला भांडणारी माणसे नकोत. दोन वाक्यांत गोड बोलून सांगणारी हवीत. खाडीत मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढायला उतरणाऱ्या आपल्या बाया त्याच पक्ष्यांच्या बऱ्याच जवळ वाकून काम करतात आणि थवा जागचा हलत नाही. माणूस जवळ असण्याची पक्ष्यांना अडचण नाही. धावत येणे, गाडी घालणे, कुत्रे सोडणे याची आहे.

हे काम आपल्याकडच्या माणसांना नवे नाही. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावानेच ते काम उचलून धरले. आज केळशी, आंजर्ले, कोळथरे इथेही कासवांची अंडी जपली जातात. अंडी राखायला रात्री जागाव्या लागतात. पक्ष्यांसाठी भर उजेडातले दोन तास मागतो आहोत, पूर्ण भरतीच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. सुट्टीच्या दिवशी दोघांनी दोन टोकांना उभे राहायचे, येणाऱ्याला थव्याला वळसा घालून जायला सांगायचे आणि दुर्बीण पुढे करून पक्षी दाखवायचे. ज्याने एकदा दुर्बिणीतून पाहिले तो सहसा पुन्हा थवा उडवत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पैसा लागतो तो मुख्यतः तीन कामांना. पहिले, तिवईवर बसणारी एक चांगली मोठी दुर्बीण. आमच्याकडच्या हातातल्या दुर्बिणींतून पलीकडच्या काठावरचा चिखल्या लहान की मोठा हे ओळखता येत नाही, आणि पायात अभ्यासकांनी घातलेले ओळखीचे कडे किंवा रंगीत पट्टी असली तरी त्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1927 पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालते आहे. ती अक्षरे वाचता आली तर तो पक्षी कुठून आला याचा माग लागू शकतो. दुसरे, खाडीमुखांशी फलक, त्यावर त्या महिन्यातल्या भरतीच्या वेळा खडूने लिहिता येतील असे. छापील सुविचारांचे फलक लावण्यात आम्हाला रस नाही, लोक वेळ बघायला थांबतील तेव्हाच पुढचे वाचतील. तिसरे, जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी होडीचे भाडे. ही गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. खाडीच्या आतली तिवरांची बेटे पायी मोजता येत नाहीत, आणि डिझेलचा खर्च दरवेळी एकाच होडीवाल्याच्या गळ्यात टाकणे बरे दिसत नाही.

रक्कम लहान असली तरी संकोच करू नका. आमचा कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन घरी येईल, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. चाकरमान्यांना वेगळी विनंती : मुंबईच्या घरात कपाटावर पडून असलेली जुनी दुर्बीण, चालू असली तर, दिवाळीला येताना घेऊन या. शाळेच्या मुलांसाठी ती सोन्यासारखी आहे.

पैसे किंवा वेळ देणे जमत नसेल त्यांच्यासाठीही कामे आहेत. खानावळवाल्यांनी माशांचे डोके-काटे किनाऱ्यावर टाकू नयेत, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे थव्यांमागे धावतात. घोडागाडीवाल्यांनी भरतीच्या वेळी खाडीच्या टोकापर्यंत न जाता अलीकडूनच वळावे. मांडव्याच्या लाँचवर कुरवांना वेफर आणि शेव टाकण्याची सवय आता आपल्याकडच्या डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांवरही येऊ लागली आहे. होडीवाल्यांनी पर्यटकांना हे करू देऊ नये. तळलेले, खारवलेले खाणे कुरवाचे नव्हे. फाटके जाळे वाळूत टाकून देऊ नये, बारीक नायलॉनमध्ये चिखल्यांचे पाय अडकतात. पक्षी अडकलेला दिसलाच तर दोरा ओढू नका, कापडाने पक्षी हलके झाकून कात्रीने दोरा कापा आणि आम्हाला हाक मारा.

5 ते 12 नोव्हेंबर या काळात राज्यभर पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारीख सालिम अलींचा. सालिम अलींचे सुगरणीवरचे गाजलेले काम आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ किहीमला झाले. सप्ताहाच्या आदल्या रविवारी आंजर्ल्याच्या खाडीवर नव्या राखणदारांना पक्षी ओळखायला शिकवू आणि पाळ्या वाटून देऊ. मोठ्या माणसाबरोबर आठवीच्या वरची मुलेही चालतील. वेळ त्या दिवशीच्या भरतीवर ठरेल, ग्रामपंचायतीच्या फलकावर आदल्या दिवशी लिहू. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि वही-पेन्सिल घ्या. भडक रंगाचे कपडे शक्यतो नकोत. कुत्रा घरी बांधून या.